शांताअक्काची पोटगी

शांताअक्का कुठल्याही पुरुषाशी बोलायची ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून, चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. दूधवाला असो की पोस्टमन. "उद्या दूध कमी घाल रे," हेसुद्धा अशी ओरडून सांगायची की नवख्याला वाटावं, भांडण लागलंय. लग्न होऊन मी हुमनाबादला आले तेव्हा मलाही ती कजाग वाटली होती. शेजार जुळल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाली, "हळू बोललं की लोकाला वाटतंय, कायतरी लपवायलीय. मला ते परवडत न्हाई, सुमन."

तिचा नवरा गुलबर्ग्याला हायस्कुलात मास्तर होता. त्यानं तिला माहेरी आणून सोडलं, कोर्टातून घटस्फोट घेतला आणि थोड्याच दिवसांत दुसरं लग्न केलं. कोर्टानं अक्काला जन्मभराची पोटगी बांधून दिली, पण वकिलानं त्यातली मेखही समजावली होती. तिनं पुन्हा लग्न केलं, किंवा तिचं वागणं वाईट आहे असं नवऱ्यानं सिद्ध केलं, तर पोटगी बंद होऊ शकते. "त्यानं बायको केली ते चालतंय," अक्का म्हणायची, "मी उंबऱ्याबाहेर पाय टाकताना इचार करायचा."

ती भावाकडे, नामदेवकडे राहायची. तो धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. पोरं बरीच होती आणि घरातलं वाणसामान अक्काच्या पोटगीवर यायचं. तिला शिवण शिकायचं होतं. नामदेव म्हणाला, "कमवायलीस असं कळालं तर कोर्ट पोटगी कमी करंल. गप घरी बस." मग ती त्या घरासाठी भाकरी थापत राहिली.

मागच्या गल्लीत भीमराव कंडक्टर राहायचे. चिटगुप्प्याच्या गाडीवर असायचे, बायको वारलेली. सगळी गल्ली त्यांना अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची; अक्का मात्र नुसतं 'कंडक्टर' म्हणायची. एके दिवशी ते आमच्या ओसरीवर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, शांताबाईला इचारून बघा. माझ्या पगारात दोघांचं भागतंय."

मी विचारलं तेव्हा अक्का ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "नामदेवला काय सांगू? त्याच्या पोरांनी काय खायाचं?" पण नाही म्हणाली नाही. "जत्रा होऊ दे. मग सांगते," म्हणाली. त्या दिवसांत ती ओट्यावर बसून काहीबाही गुणगुणायची.

जत्रेच्या आधीच कोर्टाची नोटीस आली. शांताबाईचे कंडक्टरशी संबंध आहेत, सबब पोटगी बंद करावी, असा मास्तरनं अर्ज केला होता. गावातल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं.

गुलबर्ग्याच्या कोर्टात मी आणि नामदेव तिच्याबरोबर गेलो. भीमराव साक्षीला उभे राहिले. मास्तरच्या वकिलानं विचारलं, "ह्या बाईचं आणि तुमचं नातं काय?" भीमरावांनी अक्काकडे पाहिलं. तिची मान खाली. मग ते कन्नडात स्पष्ट म्हणाले, "ती माझी बहीण आहे."

अर्ज फेटाळला गेला. नामदेवनं स्टँडवरच पेढे वाटले. परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसली होती. कमलापूर मागं पडल्यावर म्हणाली, "जिंकले म्हनं मी. आता मरेपर्यंत असंच ऱ्हायाचं."

भर कोर्टात बहीण म्हटल्यावर तो शब्द मागं घेता येईना. त्या नागपंचमीला भीमराव भावाची साडी-चोळी घेऊन आले, तेही भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. नामदेवनं त्यांना पंगतीला बसवलं. अक्कानं वाढता वाढता विचारलं, "अण्णा, आणिक एक पोळी घ्या की." त्यांनी पानावर हात आडवा धरला, तो बराच वेळ तसाच राहिला. पुढं त्यांनी औरादला बदली मागून घेतली. साडी मात्र दर पंचमीला यायची. अक्का ती त्याच दिवशी नेसायची, गल्लीनं बघावी म्हणून.

बऱ्याच वर्षांनी मास्तर हार्टच्या झटक्यानं गेला. वकील म्हणाला, पोटगी त्याच्या पगारातून होती, घरादारावर बोजा चढवलेला नव्हता. आता त्याच्या वारसांशी नव्यानं भांडावं लागेल. नामदेव थकला होता. त्याच्या सुना अक्काच्या ताटाकडे बघू लागल्या. तिनं कुणाला काही न विचारता चिटगुप्प्याच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं.

मी तिची ट्रंक घेऊन स्टँडवर गेले. केस पांढरे झाले होते, पण चालणं अजून ताठ होतं. गाडी लागली तसं मला राहवलं नाही.

"अक्का, आता कुनाची भीती न्हाई. कोर्ट न्हाई, मास्तर न्हाई. भीमरावांना कळवू का?"

तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनून कळवशील?" म्हणाली, आणि गाडीत चढली.