टेबलक्लॉथवरचा लेसवाला

भिंगकाकूंना लाँड्रीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि समोर दिव्याखाली पसरलेलं पांढरं कापड, असा त्यांचा दिवस जायचा. काम एकच, डाग ओळखायचे. हॉटेलांमधून टेबलक्लॉथ आणि चादरींचे गठ्ठे यायचे, धुऊन वाळून काकूंच्या टेबलावर पडायचे, आणि काकू निकाल द्यायच्या. हा चहा, हा गंज, ही लिपस्टिक, आणि हे काय आहे ते विचारू नका. काकूंनी नाक मुरडलं की कापड परत टबात. खुद्द मालकीणही त्यापुढे ब्र काढायची नाही.

आता भिंग हाताशी असल्यावर माणूस नुसते डाग किती वेळ बघणार? काकूंना किड्यांचा नाद लागला. चादरीला चिकटून आलेलं, खिडकीतून आत शिरलेलं जे काही सहा पायांचं दिसेल ते बटणांच्या डबीत घालून त्या घरी न्यायच्या. नवरा बिचारा साखरेचा डबासुद्धा आधी हलवून बघायचा, "आत कोणी आहे का?" असं विचारायचा आणि मगच चमचा घालायचा. काकू हसायच्या. तोही हसायचा, पण चमचा जपूनच घालायचा.

एका सकाळी टेबलक्लॉथवर मोहरीएवढा ठिपका दिसला. काकूंचा हात सवयीने ब्रशकडे गेला, आणि ठिपका चालू लागला. भिंग लावलं तर काय, पंख अख्खे लेसचे. कुणीतरी निवांत बसून बारीक सुईने विणावेत तसे. इतक्या वर्षांत काकूंनी असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या किड्याला डबीत घातलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट संग्रहालय गाठलं.

संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ काकूंना चांगलेच ओळखून होते. काकू आजवर जे जे घेऊन गेल्या, त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे की काकू, हा आपल्याकडे ढिगाने आहे. या वेळी ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले ते उठेचनात. मग एक जाडजूड पुस्तक काढलं, मग दुसरं. शेवटी म्हणाले की हा किडा लांबच्या एक-दोन देशांतच सापडलाय, तिथेही फार थोड्यांनी पाहिलाय, आणि आपल्या देशात तर कुणीच नाही. काकूंना आनंदाने घाम फुटला.

"पण एवढ्यावर काही सिद्ध होत नाही," तज्ज्ञ म्हणाले. "हॉटेलात उतरलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून आला असेल. इथे राहतो म्हणायचं, तर तो कुठल्या झाडावर राहतो ते दाखवा. त्याची काटेरी पिल्लं दाखवा. मग मी छापतो."

आणि पानगळ तोंडावर आलेली. एकदा पानं पडली की हे किडे सालीखाली नाहीतर फटीत दडून बसणार. कडाक्याच्या थंडीतून वाचतील न वाचतील, कुणी सांगावं?

काकू तशाच हवेत तरंगत लाँड्रीत आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की हा ढेकणाच्या नात्यातला आहे. झालं. इस्त्र्या जागच्या जागी थांबल्या. मालकिणीने धावत जाऊन आधी दार लावलं. लाँड्रीत ढेकूण, हे एका हॉटेलवाल्याच्या कानावर गेलं असतं तर धंदा बसलाच म्हणायचा. अहो, लांबचा चुलत, पानांचा रस पितो, माणसाच्या वाटेलाही जात नाही, असं काकू परोपरीने सांगत राहिल्या. पण तो शब्द पुन्हा काढायचा नाही, असा हुकूम सुटला. तेव्हापासून त्याचं नाव लेसवालाच पडलं.

मग सुरू झाली शोधाशोध. काकू रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाची पानं उलटून बघू लागल्या. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला जुंपलं. त्याने फांदीखाली उघडी छत्री उलटी धरायची, काकूंनी फांदीवर काठीने हलकेच आपटायचं, आणि छत्रीत काय पडलं ते दोघांनी डोक्याला डोकं लावून बघायचं. येणारे-जाणारे वळून वळून बघायचे. छत्रीत मुंग्या पडल्या, कोळी पडले, एकदा कुणाचा तरी हरवलेला चेंडू पडला. लेसवाला काही पडला नाही. पानं पिवळी पडत चालली, तसतसा काकूंचा स्वभावही आंबट होत चालला.

त्याचा सगळा प्रसाद मिळाला मिस्त्रीला. मिस्त्री म्हणजे लाँड्रीतली यंत्रं सांभाळणारा माणूस, कामाला चोख आणि बोलायला कंजूस. त्या उन्हाळ्यापासून काही टेबलक्लॉथवर बारीक, काळे, चकचकीत ठिपके येत होते. काकूंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता की यंत्राचं तेल गळतंय. मिस्त्रीने यंत्र पुन्हा पुन्हा उघडलं. गळती कुठेच सापडेना. काकू मात्र रोज सगळ्यांदेखत त्याला ठिपके दाखवायच्या. शेवटी त्याने काकूंशी बोलणंच टाकलं होतं.

त्या दिवशी तो स्वतःहून काकूंच्या टेबलापाशी आला. हातात चिंधी, चिंधीवर यंत्रातल्या तेलाचा एक थेंब. ती त्याने ठिपकेवाल्या कापडाशेजारी ठेवली.

"काकू, किड्यासाठी भिंग लावता, तसं एकदा माझ्यासाठी लावा."

खरं सांगायचं तर काकूंनी त्या ठिपक्यांना भिंग कधी लावलंच नव्हतं. एकदा ओळखलेला डाग पुन्हा बघायचा नाही, ही त्यांची जुनी खोड. आज जरा कुरकुरतच लावलं. तेल कापडात पसरलेलं होतं, भोवती वर्तुळ उमटलेलं. ठिपका मात्र डांबराच्या थेंबासारखा वर बसलेला. पुढच्या ठिपक्याला काहीतरी चिकटलं होतं. एक रिकामी कात, इवलीशी, अंगभर काटे असलेली. काकूंनी भिंग आणखी जवळ नेलं.

"ही कापडं कुठल्या दोरीवर वाळतात?" त्यांनी विचारलं.

"मागच्या अंगणात. शेवटच्या दोरीवर, भिंतीच्या वेलीला घासतात ती."

दोघं पळतच मागे गेले. काकूंनी पहिलंच पान उलटलं. पानामागे किड्यांच्या विष्ठेच्या त्याच काळ्या ठिपक्यांच्या गर्दीत काटेरी पिल्लं दाटीवाटीने बसली होती, आणि त्यांच्याशेजारी लेसचे पंख मिटून त्यांच्या आया. काकू गावभर छत्री घेऊन हिंडल्या, आणि हे सगळं गोकुळ यांच्या पाठीमागे. काकूंनी मिस्त्रीचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. मग आत जाऊन, जितक्या मोठ्याने त्याला दोष दिला होता त्याहून मोठ्याने, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मिस्त्री लाजून यंत्राच्या मागे गेला.

पण मालकीण मागे जाऊन डागांचं मूळ डोळ्यांनी पाहून आली आणि माळ्याला फोन लावायला निघाली. वेल आजच्या आज तोडून टाकायची. तिचं तरी काय चुकलं? डाग पडलेलं कापड हॉटेलवाला घेत नाही. आणि काकूंनी फोनवर विचारलं, तर तज्ज्ञ दुसऱ्या दिवसाच्या आधी येऊ शकत नव्हते. सगळे काकूंकडे बघत राहिले. डागावर आजवर दयामाया दाखवली नाही, ती ही बाई.

"वेल राहू द्या," काकू म्हणाल्या. "दोऱ्या हलवा. पाया पडते तुमच्या."

"दोऱ्या कुठे हलवू? पुढच्या अंगणात माझी गाडी असते."

यंत्रामागून मिस्त्री म्हणाला, "मग गाडी हलवा."

मग मालकिणीलाच हसू फुटलं. कपाळावर हात मारत ती किल्ली आणायला गेली. मिस्त्रीने भिंतीत खुंट्या ठोकल्या, इस्त्रीवाल्या बायकांनी दोऱ्या ताणल्या, आणि संध्याकाळी टेबलक्लॉथ पुढच्या अंगणात फडफडू लागले.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले आणि चांगल्या पँटची पर्वा न करता चिखलात गुडघे टेकून बसले. एक पान, दुसरं पान, तिसरं. मग मान वर करून म्हणाले, "काकू, हा इथे नुसता आलेला नाही. हा इथे संसार करून राहिलाय. छापतो मी. शोधणारे कोण म्हणून लिहू?"

काकूंनी मिस्त्रीकडे बोट दाखवलं आणि मिस्त्रीने काकूंकडे. दोघांचंही लिहायचं ठरलं.

काकूंनी नवऱ्याला फोन केला, तो काम टाकून आला. आल्या आल्या मलाही बघू दे म्हणाला. मग काय, सगळ्यांनाच बघायचं होतं. काकूंनी गळ्यातलं भिंग काढून नवऱ्याच्या हातात दिलं. त्याच्याकडून ते मालकिणीकडे गेलं, तिच्याकडून इस्त्रीवाल्यांकडे, मिस्त्रीकडे, आणि वेलीपुढे ही रांग लागली. अगं बाई, किती नाजूक, असं जो तो म्हणत होता. शेवटी काकूंचा नंबर आला तेव्हा भिंगावर सगळ्यांच्या बोटांचे ठसे होते, आणि काकूंना डोळ्यांतल्या पाण्यामुळे तसंही काही दिसत नव्हतं.