आत्याच्या मागून चाललेली मोटार

प्रिय अनू आणि श्री,

परवा तुमच्या आईचं पत्र आलं. भरधाव मोटारीने अनूला सायकलवरून पाडलं, गुडघे फुटले, आणि आता मोठी होईपर्यंत सायकल बंद, असं तिने लिहिलं आहे. तिच्या घरातल्या निर्णयात इतक्या लांबून मी पडत नाही. पण माझ्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, आत्याबद्दल तुम्हाला कधीतरी लिहायचंच होतं, ते आता लिहिते.

मी लहान असताना सोलापुरात वेळेवर अशा दोनच गोष्टी होत्या : गिरणीचा भोंगा आणि आमच्या आत्याची सायकल. दोन्हींत फरक पडला तर लोक भोंगा चुकला म्हणत. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली. पुण्याला जाऊन नर्सचं काम शिकून आली आणि घरोघरी बाळंतपणं करायला सायकलवरून हिंडू लागली. तीस सालच्या आसपासची ही गोष्ट. पांढरं नऊवारी लुगडं, पायांत मोजे आणि काळे बूट, हँडलला अडकवलेली चामड्याची पिशवी. कोणी टोकलंच तर म्हणायची, कासोटा मुळात सायकलीसाठीच निघाला, सायकल यायला तेवढा उशीर झाला.

तिचे नियम कडक होते. शनिवारी तेल आधी सायकलीला, मग मारुतीला. मारुतीला ब्रेक लागत नाहीत, हे तिचं कारण. वळायच्या आधी हात बाहेर काढून दाखवायचाच, मग रस्त्यावर कोणी असो वा नसो. एकदा भर दुपारी, गल्लीत एका कुत्र्याशिवाय चिटपाखरू नसताना तिने हात दाखवला, तेव्हा मी विचारलं, हे कोणाला? "कुत्र्याला," ती म्हणाली. "त्याला कळायला नको, मी कुठे जाणार ते?" स्वयंपाकघरातून माजघरात वळतानासुद्धा तिचा हात उठतो, असं माझी आई शपथेवर सांगायची. माझ्या चुलतबहिणीला आलेलं एक चांगलं स्थळ तिने नाकारायला लावलं, कारण मुलगा रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघत होता. पुढे त्या मुलाने दुसऱ्याच घरात जे दिवे लावले, त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नवऱ्या मुलाला निदान एकदा रस्ता ओलांडायला लावत.

तिचं वैर होतं ते बार्शीच्या सर्व्हिस मोटारींशी. तेव्हा सरकारी गाड्या नव्हत्या. दोन मालकांच्या मोटारी एकाच रस्त्यावर धावत, आणि जी पुढे जाई तिला वाटेतले उतारू मिळत. त्यामुळे शर्यतच असे. बार्शी रस्त्याच्या वळणावरच्या शेळ्याही मोटारीचा आवाज आला की आधीच ओट्यावर चढून बसत.

मी शेळ्यांइतकी शहाणी नव्हते. तेराव्या वर्षी आत्याने मला सायकल शिकवली आणि वडिलांनी काहीशा नाखुशीनेच एक जुनी सायकल घेऊन दिली. ते कोर्टात शिरस्तेदार होते. शाळा अडीच मैलांवर, रोजचा टांगा परवडणारा नव्हता. सायकल होती म्हणून माझी शाळा होती. महिन्याभरातच त्या वळणावर एका सर्व्हिस मोटारीने मला निवडुंगात फेकलं आणि ती थांबलीही नाही. आत्या चिमट्याने काटे काढत होती, तोवर वडिलांनी सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. शाळा आता पुरे, असंही म्हणाले.

आत्याने मान वर केली नाही. "पाडलं मोटारवाल्याने," ती म्हणाली. "कुलूप पोरीला का रे?"

किल्ली खिशातच राहिली.

पंधरा दिवसांनी सकाळी तीच मोटार आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर घामाघूम झाला होता. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. "बाई, बसा की गाडीत. लई तरास व्हायलाय तिला."

आत्याने विचारलं, कितवी खेप, कळा कधीपासून. मग शांतपणे पिशवी हँडलला अडकवली. "पहिलटकरीण आहे, दुपारपर्यंत वेळ आहे. तुझ्या गाडीत बसले तर मी पोचेनच असं नाही. मी पुढे होते, तू मागून ये. भोंगा वाजवलास तर परत फिरेन." आणि एरवी कॅरिअरवर चिमणीलाही न बसू देणारी आत्या मला म्हणाली, "मागे बस. त्याच्याकडे तोंड करून."

अशी आमची वरात निघाली. पुढे आत्या, तिच्या पाठीला पाठ लावून हाताला पट्टी बांधलेली मी, आणि मागे चालत्या माणसाच्या वेगाने गुरगुरणारी मोटार. दुकानदार गादीवरून उठून बाहेर आले. कोर्टाच्या व्हरांड्यात अशील, वकील आणि आमचे वडील उभे. ड्रायव्हर आधी माझ्याकडे बघेना. पण काचेतून दुसरं बघायला होतं काय?

त्या वळणाशी आलो तेव्हा मागून दुसऱ्या मालकाची मोटार भोंगा वाजवत आली. आमच्या ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, हात बाहेर काढून आडवा धरला आणि आम्ही वळून पुढे जाईपर्यंत मागच्याला हलू दिलं नाही. आत्याने वळण्यापूर्वी रीतसर हात दाखवलाच.

आत्या आत गेली आणि ड्रायव्हरच्या घराच्या ओट्यावर तो आणि मी बसलो. तो म्हणाला, "पोरी, लई लागलं हुतं का?"

"सत्तावीस काटे निघाले," मी सांगितलं. मी मोजले होते.

दुपारी मुलगी झाली. त्याने आत्यापुढे लुगडं ठेवलं, तिने ते परत केलं. म्हणाली, त्या वळणावर गाडी थांबवायची, क्लीनरने उतरून दोन्ही बाजूंना बघायचं, मगच वळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाटीवर वडिलांच्या खिशातली किल्ली होती. मी मॅट्रिक होईपर्यंत त्याच सायकलवरून शाळेत गेले.

दुसऱ्या मालकाच्या मोटारी पूर्वीसारख्याच पळत राहिल्या. हा एकटा मात्र थांबायचा. उतारू कुरकुरले की म्हणायचा, "बाई पुढं हाईत." आत्या गेल्यावर मी एकदा त्याच्याच गाडीने बार्शीला निघाले होते. तो म्हातारा झाला होता, त्याने मला ओळखलं नाही. वळणावर गाडी थांबली. रस्ता मोकळा होता. शेजारच्या माणसाने विचारलं, का थांबलात? तो म्हणाला, "बाई पुढं हाईत."

आता आत्या नाही, सायकल नाही, कुलूपही कुठे गेलं ठाऊक नाही. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे.