लाल ठिपक्याची मॅगझिन

आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पायाखाली मुंगी आली तरी अव्वा, म्हणजे माझी आई, हळहळते. अशा घरात देव्हाऱ्याशेजारच्या लोखंडी कपाटात माझ्या वडिलांचं, अप्पांचं, परवान्याचं पिस्तूल होतं आणि त्याच्या मॅगझिन किती, तर पाच. पाच जमल्या त्या हौसेनं नव्हे. त्यातली एक तरी भरवशाची निघावी म्हणून अप्पा बारा वर्षं झटत होते, आणि ती काही निघत नव्हती.

अप्पांची बसवकल्याणला तुरीची अडत. आमच्या राजेश्वर गावाहून रोजची ये-जा, संध्याकाळी पिशवीत रोकड, म्हणून परवाना मिळाला. पिस्तुलासोबत दोन मॅगझिन आल्या. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी. आत स्प्रिंग असते आणि स्प्रिंगवरची पट्टी गोळ्या एकेक करून वर ढकलते. एवढं ज्ञान आमच्या घरात आता कामवाल्या बाईलाही आहे.

हे ज्ञान दिलं सुभेदारांनी. सुभेदार अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, फौजेतून निवृत्त होऊन बुद्धविहारामागं घर बांधून राहिलेले. त्यांनी आमच्या गच्चीत खुर्ची टाकली, खोट्या गोळ्या भरून दोन्ही मॅगझिन तपासल्या आणि निकाल दिला.

"ही बरी हाय. ह्या दुसरीची पट्टी आत तिरकी अडकायलीय. वरनं गोळ्या दिसतील, पण चढायच्या न्हाईत. शंका आली की बाद. फेकून द्या अण्णा."

गावाचे अण्णा म्हणजे आमचे अप्पा. त्यांनी फेकली नाही. "कागदावर दोन लिहिल्यात. साहेबानं दोन मागितल्या तर काय माझं डोस्कं दाखवू?"

दोघी दिसायला जुळ्या बहिणी. म्हणून चांगलीच्या बुडाला खूण करायचं ठरलं आणि माझी नेलपॉलिश कामी आली. लाल ठिपका म्हणजे भरवशाची. मी तेव्हा कॉलेजात होते. एका ठिपक्यासाठी अर्धी बाटली सांडली म्हणून मी दोन दिवस अप्पांशी बोलले नाही. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी अव्वानं माझ्याकडं नेलपॉलिश पुसायचं पाणी मागितलं. जिनं जन्मात नखं रंगवली नाहीत तिला ते कशाला हवं, हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं तागडी, वजनं, विळे आणि पिस्तूल यांची पूजा होते. सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं काम अव्वाचं. पिस्तुलावर विभूतीची तीन बोटं ओढली की ते एखाद्या म्हाताऱ्या स्वामीसारखं सात्त्विक दिसायचं. पूजा झाली की लाल ठिपक्याची मॅगझिन आत सरकवून अप्पा ते कमरेला लावत.

त्या पहिल्या वर्षी पूजेनंतर तिसऱ्या दिवशी बांधावरचा प्रकार घडला. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. घरात मधे एक भिंत, शेतात मधे एक बांध. त्या दिवशी काकांनी ट्रॅक्टर घालून बांध दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आत कोरला होता. मी अप्पांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"खाली उतर! बांध कोरायलास व्हय? उतर, न्हाईतर बार काढतो!"

"बांध हाय तिथंच हाय अण्णा, तुझं डोळंच गेल्यात," काका पाठमोरेच म्हणाले. "काढ की बार. मी कुठं न्हाई म्हणायलोय."

अप्पांनी पिस्तूल काढलं, वरचा भाग खाडकन मागं ओढून सोडला आणि हात उचलला. हात पुरता वर गेलाही नव्हता, तोवर त्यांनी चाप ओढला. मुळात घाईचा माणूस. आवाज आला तो फक्त टक्.

काकांनी मागं वळून पाहिलं. मग ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले, त्याच कोरलेल्या बांधावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. अप्पा पिस्तूल हलवून बघत होते, जशी बंद पडलेली घड्याळं हलवून बघतात.

"हवेत बार काढून नुसतं भेडसावणार होतो," अप्पांनी गावाला सांगितलं. मीही तेच सांगितलं. पण गावाला हवेचं काही पडलं नव्हतं. गाव टक्‌वर खूश होतं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं संपलं. उरला फक्त टक्. काका बैल हाकताना टाळूला जीभ लावून टक् करत, जीपमधून जाताना टक् करत, देवळात नंदीपुढं हात जोडूनही टक् करत. तक्रार तरी कुणाकडं करायची? बैल हाकणं काही गुन्हा नाही.

सुभेदारांनी पुन्हा गच्चीत खुर्ची टाकली. ठिपक्याची अडकली, बिनठिपक्याची मात्र फटाफट चालली. सुभेदार बराच वेळ आभाळाकडं बघत बसले.

"हिची पट्टी सरळ झाली आणि तिची तिरकी," ते म्हणाले. "फौजेत असं बघितलं न्हाई बा कधी."

ठिपका पुसून दुसरीला लावला. पुढच्या दसऱ्यानंतर तीही अडकली. मग अप्पांनी माझ्यादेखत शपथ घेतली. "वाजणारी मॅगझिन मिळू दे. एकदाच त्या बांधावर जातो. एकदाच वाजवतो." तेव्हापासून ती मॅगझिन कधी मिळूच नये असं मला वाटत असे. काका मागं सरणाऱ्यातले नव्हते आणि अप्पा घाईचे होते.

शोध मात्र कसून चालला. कलबुर्गीच्या बंदुकीच्या दुकानात अप्पांनी काचेवर सहा नव्या मॅगझिन मांडायला लावल्या. सुभेदारांनी शिकवलं होतं तसं एकेकीचे ओठ, म्हणजे तोंडाच्या कडा, सारखे आहेत का पाहिलं, अंगठ्यानं स्प्रिंग दाबली, अंगाला पोचा आहे का म्हणून बोट फिरवलं, खटका दाबल्यावर आपल्या वजनानं खाली पडते का तेही पाहिलं. शेवटी एकीचा वाससुद्धा घेतला. दुकानदार चष्म्यावरून बघत होता.

"लडकी देखने कू आए क्या जी अप्पा? गाना बी गवाऊं क्या इसकू?"

तिसरी आली. ठिपका लागला. दसरा झाला, अडकली. चौथीचंही तेच. सुभेदारांनी तुरीच्या धुळीला दोष दिला, मग विभूतीला, मग भरून ठेवल्यानं स्प्रिंग थकते म्हणाले. तेव्हा अप्पांनी मॅगझिनना वार लावून दिले, सोमवारी हिला सुट्टी, मंगळवारी तिला. निवडणूक आली की पिस्तूल ठाण्यात जमा व्हायचं. तेवढे दिवस घरात सगळ्यांनाच सुट्टी. गच्चीत तपासणी चालली की शेजारच्या गच्चीत मिरच्या वाळत घालणारे काका मोठ्यानं मोजत, "एक... दोन... आँ? थांबली व्हय?"

पाचवी अडकली तेव्हा अप्पा तत्त्वज्ञ झाले होते. "ज्याच्यावर ठिपका ठेवावा तीच दगा देती," ते म्हणत. हा नियम त्यांनी मुनिमाला लावला, उमरग्याच्या बसला लावला आणि माझ्या नवऱ्यालाही लावला.

यंदा काकांनी बांध पुन्हा एक तास आत घातला. अप्पा ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. "दसऱ्याची पूजा होऊ दे," एवढंच म्हणाले. मी बीदरला शाळेत शिकवते. अव्वानं दर वर्षीप्रमाणं सांगितलं होतं, तसं दसऱ्याला येताना ते नेलपॉलिश पुसायचं पाणीही आणलं.

नवमीची पूजा झाली. दसऱ्याच्या सकाळी अप्पा धोतर बदलून गच्चीत आले. आधी सुभेदार तपासणार, मग अप्पा बांधावर जाणार. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. पाय धरायचे की पिस्तूल, एवढंच ठरत नव्हतं.

सुभेदारांनी ठिपक्याची मॅगझिन भरली, पिस्तुलात सरकवली, वरचा भाग ओढला. अडकली. या वेळी त्यांनी आभाळाकडं पाहिलं नाही. मॅगझिन उलटी करून बूड डोळ्याजवळ नेलं, मग बाकीच्या चारही पाहिल्या.

"अण्णा, मागल्या महिन्यात चांगलीच्या बुडाला मी सुईनं फुली मारून ठेवलीय, कुणाला न सांगता. ती फुली ह्या बिनठिपक्याच्या खाली हाय. मॅगझिन बिघडत न्हाई. ठिपका फिरायलाय."

"ठिपका फिरतो?" अप्पा म्हणाले.

दोघं त्या लाल ठिपक्याकडं असे बघत राहिले, जणू तो आता उठून चालायला लागणार होता. मी मात्र अव्वाकडं बघितलं. ती चहाचा ट्रे घेऊन वर आली होती. बारा वर्षं त्या पुसायच्या पाण्याच्या बाटल्या आणून देणारी मीच होते.

"मीच बदलते," अव्वा म्हणाली. "पैल्या दसऱ्यापासनं. बरीचा पुसायचा, त्या तिरकीला लावायचा."

"कामून?" अप्पांनी विचारलं.

"मला भरवशाची पायजे होती म्हणून. ह्या घरात जी वाजत न्हाई ती भरवशाची."

"बारा वर्षं गाव हसलं मला! माझाच भाऊ हसला!"

"हसू द्या की. हसायला त्यो हाय न्हवं अजून."

सुभेदार खोट्या गोळ्या मोजायला लागले. आठच होत्या, तरी पुन्हा मोजल्या. अप्पा खुर्चीवर बसले. पिस्तूल त्यांनी सुभेदारांजवळून घेऊन खाली फरशीवर ठेवलं आणि पायानं दूर सारलं.

"त्या दिवशी," ते अव्वाला म्हणाले, "हात वर जायलाच न्हवता. मी हवेत मारणार न्हवतो."

मी पायरीवर बसले. अव्वानं कप त्यांच्या हातात दिला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "चहा घ्या."

शेजारच्या गच्चीत काका मिरच्या पसरायला आले होते. इकडची तपासणी का थांबली, ते त्यांना कळेना. त्यांनी भिंतीवरून मान वर काढली, अप्पांकडं पाहिलं आणि टाळूला जीभ लावून नेहमीसारखं टक् केलं.

अप्पा हुंदके देऊन रडायला लागले.