आठची चटणी, अकराची चटणी

नव्वदच्या दशकात मी निपाणीहून बेंगळुरूला आले. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी हातात होती आणि खाण्यापिण्यातल्या जंतूंवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली होती. वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी बेंगळुरात चटण्या तपासते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी कुठल्या तरी मसाल्याच्या कारखान्यात लागले.

पण वडील खोटं सांगत नव्हते. मी खरंच चटण्या तपासत होते.

आमच्या मॅडम म्हैसूरकडच्या, पन्नाशीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. तेव्हा शहरात गल्लोगल्ली दर्शिन्या निघाल्या होत्या, म्हणजे उभ्यानं खायची छोटी, स्वस्त, झटपट हॉटेलं. मॅडमचं म्हणणं असं की इडलीची काळजी नाही, ती वाफेतून निघते. प्रश्न आहे तो ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा. ती कच्ची वाटतात आणि वाटल्यावर ती पुन्हा विस्तवावर जात नाही. मग सकाळी वाटलेल्या चटणीत दुपारपर्यंत जंतू किती वाढतात, आणि ते येतात कुठून? पाण्यातून, हातांतून, की भांड्यांतून? यासाठी आम्ही काहीजण शहरभर नमुने गोळा करत होतो. माझ्या वाट्याला पीण्या या औद्योगिक वसाहतीतलं एक हॉटेल आलं.

कारखान्यांच्या मधोमध होतं ते. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी लेथवर काम करणारे, प्रेसवर काम करणारे सगळे तिथं इडली-वडा खायला यायचे. मी आठवड्यातून दोनदा जायची. आठ वाजता पहिली चटणी बाहेर आली की एक नमुना, अकरा वाजता दुसरा. मग दोन्ही बाटल्या घेऊन मॅजेस्टिक, तिथं बस बदलून जयनगर, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर चटणीचे थेंब काचेच्या बशांमध्ये वाढीला घालायचे.

नमुना घ्यायची रीत जरा विचित्रच होती. बाटली निर्जंतुक केलेली, तिच्या तोंडावर तपकिरी कागद आणि पांढरा दोरा. आपल्या हातचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून चमचा आधी स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. पहिल्या दिवशी मी गल्ल्याच्या टोकाला दिवा मांडला तर पंख्याच्या वाऱ्यानं काडी पेटेना. चौथी काडी विझल्यावर मी पुटपुटले, "पेट की गं बाई, सगळे बघायला लागलेत."

सगळे खरंच बघत होते. इडली हातात धरून एक गृहस्थ मालकांना कन्नडमध्ये विचारत होते, "दृष्ट काढायला बोलावलंय का यांना?"

मालक गल्ल्यावरून उठून आले. साठीकडे झुकलेले, कपाळाला गंध, खांद्यावर पंचा. त्यांनी पंखा बंद केला आणि म्हणाले, "मराठी बोलता की तुम्ही. मग आमच्याच की. कुठल्या गावच्या?"

त्यांच्या लोकांना मराठी मुलखातून इथं येऊन तीनशेहून जास्त वर्षं झाली होती. मराठी घरातच उरली होती आणि तीही कन्नडमध्ये मुरलेली. ते मला अक्का म्हणायला लागले, वयानं मी मुलीसारखी असूनही, आणि मी त्यांना अण्णा. परवानगी त्यांनी मॅडमच्या पत्रावर आधीच दिली होती, पण पत्रातलं काही त्यांना कळलं नव्हतं. मी समजावलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे चटणीचा ताप बघायचा. सरी. बघा." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे.

दर्शिनीत बसायला काही नसतं. आठ ते अकरा मी ताटकळू नये म्हणून अण्णांनी कॉफीच्या बॉयलरशेजारी एक स्टूल ठेवून दिलं. तिथंच भिंतीला खुंटी होती. तिच्यावर मी बाटल्यांची कापडी पिशवी अडकवायची.

आता पिशवीचं सांगायला हवं. मॅडमनी मला थर्माकोलची पेटी दिली होती. नमुना बर्फात ठेवायचा, बर्फातच आणायचा, असं बजावलं होतं. पहिल्या फेरीला मी ती नेलीही. बसमध्ये पेटीतून पाणी ठिबकून शेजारच्या बाईंच्या रेशमी साडीवर गेलं. कंडक्टर म्हणाला, "आत मासे असतील तर लगेजचं तिकीट काढा." सबंध बस माझ्याकडे वळून बघायला लागली. मी पुढच्याच स्टॉपला उतरले आणि मागून येणारी बस पकडली. पुढच्या वेळेपासून पेटी प्रयोगशाळेच्या कपाटावर राहिली. दीड तासाचा तर प्रवास, त्यात काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. नोंदवहीत 'नमुना कसा आणला' असा रकाना होता. त्यात मी लिहायची, 'बसने'.

दोनेक महिन्यांत आकडे जमले आणि ते उलटे होते. अकराची चटणी बरी आणि आठची वाईट. आठच्या बशांमध्ये जंतूंचे ठिपके इतके दाटलेले असायचे की मोजता यायचे नाहीत. मॅडम म्हणाल्या, "ताजी चटणी शिळीपेक्षा वाईट. असं का होईल? कारण शोध."

मी आठवडाभर डोकं चालवलं आणि मला कारण सापडलं. अण्णांकडे विजेवर फिरणारा दगडी ग्राइंडर होता. दगड जुना, त्याला बारीक भोकं. रात्रभर त्या भोकांत जंतू वाढत असणार आणि सकाळच्या पहिल्या चटणीत ते उतरत असणार. पहिल्या वाटणानं दगड धुऊन निघतो, म्हणून पुढची चटणी चांगली. मला हे इतकं चोख वाटलं की मॅडमना सांगायच्याही आधी मी अण्णांना सांगून मोकळी झाले.

अण्णांनी ग्राइंडरकडे वळून बघितलं. तो दगड त्यांच्या वडिलांनी बसवला होता. मग म्हणाले, "दगडात आहे म्हणता?"

"बहुतेक तिथूनच येतंय, अण्णा."

"सरी."

पुढच्या आठवड्यात गेले तर नवा दगड बसवलेला. जुना मागच्या अंगणात नळाखाली पडला होता. मला अभिमानच वाटला. आपल्या शिक्षणानं कुणाचं तरी भलं झालं म्हणून.

नव्या दगडावरच्या चार फेऱ्यांच्या बशा तशाच निघाल्या. आठची वाईट, अकराची बरी.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते गल्ला सोडून माझ्यापाशी येऊन उभे राहिले. अकरा वाजून गेले होते, गर्दी ओसरली होती. "अक्का, ती आठची बाटली उघडा स्वल्प. वास घेऊन बघतो."

"उघडता येत नाही अण्णा. जंतू जातील आत."

"मग माझ्यासाठी एक वेगळी भरा की."

पुढच्या फेरीला मी एक जास्तीची बाटली नेली. आठ वाजता दोन बाटल्या भरल्या आणि अकरा वाजता अण्णांच्या हाती एक दिली. त्यांनी दोरा सोडला, कागद काढला आणि बाटली नाकाशी नेली. मग माझ्या नाकाशी धरली. चटणी आंबली होती.

"माझी चटणी तीन तासांत अशी होत नाही," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं वाटतोय. कुठं ठेवली होती?"

मी खुंटीकडे बोट दाखवलं. अण्णांनी पिशवीवर हात ठेवला, मग पिशवीमागच्या भिंतीवर. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "अक्का, डिसेंबरात थंडीनं इडलीचं पीठ फुगत नाही तेव्हा मी डबा इथंच उबेला ठेवतो."

आठची बाटली बॉयलरशेजारी तीन तास लटकायची आणि मग दीड तास बसमध्ये. अकराची बाटली फक्त बसमध्ये. म्हणून आठची वाईट आणि अकराची बरी. जंतू दगडात नव्हते, माझ्या पिशवीत वाढत होते. तीन महिने मी अण्णांची चटणी नाही, माझी खुंटी मोजत होते.

खात्री करायला पुढच्या वेळी मी थर्माकोलची पेटी घेऊन गेले. बर्फ समोरच्या ज्यूसवाल्याकडून अण्णांनीच आणवला. एकाच भांड्यातली, एकाच चमच्यानं काढलेली चटणी दोन बाटल्यांत भरली. एक बर्फात, एक खुंटीला. दुसऱ्या दिवशी बशा बाहेर काढल्या. बर्फातल्या चटणीच्या बशीत बोटांवर मोजता येतील इतके ठिपके होते. खुंटीवरच्या चटणीच्या बशीवर साय धरल्यासारखा सलग थर.

त्या दोन बशा घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. वाटेत दोनदा परत फिरले. आत गेल्यावर सगळं सांगितलं. पेटी, रेशमी साडी, कंडक्टर, खुंटी, आणि 'बसने'ही.

मॅडमनी दोन्ही बशा उजेडात धरून बघितल्या. "किती नमुने बाद?"

"सगळे."

"पानं फाडू नकोस. प्रत्येक नोंदीवर एक रेघ मार, बाजूला कारण लिही आणि सही कर." मग त्यांनी बशा माझ्याकडे परत दिल्या. "या दोन बशा फ्रिजमध्ये जपून ठेव. नवीन मुलं आली की त्यांना दाखवता येतील. बर्फ का न्यायचा हे मी वीस वर्षं तोंडानं सांगतेय, कुणी ऐकत नाही."

त्यांनी मला काढून टाकलं नाही, एवढंच मला त्या घटकेला कळलं. मी दारातून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "आणि त्या दगडाचं काय? हॉटेलवाल्यांना सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. ते मॅडमना सांगण्यापेक्षा अवघड होतं.

पीण्याला गेले तेव्हा तोंड पाडूनच गेले. "अण्णा, दगडाचा काही दोष नव्हता. माझी चूक झाली. तुमच्या वडिलांचा दगड मी उगाच काढायला लावला."

अण्णांना वडे तळणारे आचारी कन्नडमध्ये काहीतरी विचारत होते. त्यांना उत्तर देऊन झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "तो घरी नेला. आमच्या मंडळी म्हणतात, तीस वर्षं मागत होते, आता मिळाला. घरच्या चटणीला तो हवा होता त्यांना. तुमचे उपकार मानतात त्या." आणि मग हसू आवरत म्हणाले, "माफी दगडाची मागा. जंतू म्हणालात त्याला."

त्या दिवसापासून मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पेटीला खालून मेणकापड चिकटवून घेतलं, म्हणजे पाणी ठिबकायचं नाही. कंडक्टरनं विचारलं तर सांगायची, "औषध आहे." आता आकडे सरळ आले. आठची चटणी चांगली आणि अकराची वाईट. अण्णांना हे आवडलं नाही, पण बर्फ त्यांनीच आणवला होता, त्यामुळे वाद घालता येईना.

"मग आता कुठून येतंय?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी उत्तर द्यायची घाई केली नाही. एक सबंध सकाळ नुसती स्टुलावर बसून बघत राहिले. चटणीची बादली अर्ध्यावर आली की आतून नवी चटणी यायची आणि त्याच बादलीत ओतली जायची. साडेनऊला एकदा, साडेदहाला एकदा. म्हणजे आठ वाजताच्या चटणीचे जंतू अकरापर्यंत त्याच बादलीत राहायचे आणि दर वेळी त्यांना ताजं खोबरं मिळायचं. मी अण्णांना म्हटलं, "दोन आठवडे नवी चटणी नव्या बादलीत द्या. जुनी संपल्याशिवाय नवी नको आणि रिकामी बादली उकळत्या पाण्यानं धुवायची."

आचारी वैतागले. एका चटणीला किती बादल्या, असं ते ओरडून म्हणाले. अण्णा म्हणाले, "दोन आठवडे. मग अक्का चुकल्या तर तुम्ही सांगाल ते."

दोन आठवड्यांनी अकराची चटणी जवळजवळ आठच्या चटणीसारखी झाली होती. मी बशा तिथं नेऊ शकत नव्हते, म्हणून कागदावर पेन्सिलीनं ठिपके काढून दाखवले, आधीचे आणि नंतरचे. आचाऱ्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला, नाक मुरडलं, पण तिसऱ्या आठवड्यातही नवी चटणी वेगळ्या बादलीतच येत होती.

वर्षअखेरीस अहवाल छापून झाला तेव्हा मॅडम स्वतः माझ्याबरोबर पीण्याला आल्या. उभ्यानं दोन इडल्या खाल्ल्या, चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली. अण्णांनी अहवालाची पानं उलटली. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. "आमच्या हॉटेलचं नाव कुठं आहे?"

"नावं छापत नाहीत अण्णा. सगळ्यांना नंबर दिलेत. तुम्ही सात नंबर."

"सात." त्यांनी आकडा शोधून त्यावर बोट ठेवलं. "मग आठ कोण? सहा कोण?"

"ते सांगता येत नाही."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवून नाही म्हटलं आणि कॉफी संपवली.

त्यानंतर मी सहज म्हणून इडली खायला गेले तेव्हा गल्ल्यावर त्यांच्या मंडळी बसलेल्या. मी विचारलं, "अण्णा कुठं गेले?"

"रविवार आहे ना," त्या म्हणाल्या. "दर रविवारी अकरा वाजता कुठल्या ना कुठल्या हॉटेलात जातात. एक इडली मागवतात आणि चटणीचा वास घेत बसतात. आज यशवंतपूरला गेलेत. आठ नंबर कोण ते शोधून काढणार म्हणतात."