फरशीवाल्या मामांनी तपासलेला थिसिस

माझे सगळ्यात कडक परीक्षक आज सकाळी गेले. शिक्षण सातवी.

दिगंबरमामा. आईचे धाकटे भाऊ, नायगावचे फरशी मिस्त्री.

सहा वर्षांपूर्वी ते नांदेडला आमच्या नव्या घरात फरशी बसवत होते आणि माझ्या हातात पीएच.डी.च्या प्रवेशाचं पत्र होतं.

पप्पांचं म्हणणं, बी.एड. कर आणि लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकव.

शेवटी ठरलं : विषय मामांना समजला तर जायचं, नाहीतर बी.एड.

पप्पा निर्धास्त होते.

मी मामांच्या कानावरची पेन्सिल घेऊन भिंतीवर आकृती काढली, फरशांच्या नक्षीसारखी, खाली खाली बारीक होत जाणारी. सांगितलं, स्ट्रिंग थिअरीत बल कमी असलं की गणित जमतं, वाढलं की अडतं. पण ड्युॲलिटी म्हणते की जास्त बलाची बाजू म्हणजे कमी बलाचीच बाजू, वेगळ्या वेषात. म्हणून उत्तरातलं फंक्शन ठरावीक नक्षीत पुन्हा पुन्हा येतं. त्याला ऑटोमॉर्फिक फॉर्म म्हणतात. एक फरशी नीट कळली की सगळी जमीन कळते.

मामांनी आकृतीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"खाली बारीक तुकडे लई झाले."

"अनंत आहेत, मामा."

"कटिंगला माणूस मरंल."

मग विचारलं, म्हंजे एकच फरशी बसवून तू हॉल झाला म्हणणार?

मी म्हटलं, हो. त्या एकीलाच पाच-सहा वर्षं लागतात.

हे मात्र त्यांना पटलं. पप्पांना म्हणाले, "दाजी, पोरगी समजून करून राहिली. जाऊ द्या. बिघडलं तर मी जबाबदार."

तेव्हापासून पप्पांनी मला कधीच काही विचारलं नाही. ते मामांना विचारायचे. मामा सांगायचे, भिंतीपर्यंत आलंय.

गेल्या महिन्यात थिसिस छापला. मामा तेव्हा आजारी, दवाखान्यात होते; जमा करायच्या आधी त्यांनी तो तिथं मागवला.

इंग्रजी येत नव्हतं. समीकरणं त्यांनी सरळ ओलांडली. आकृत्या मात्र एकेक करून बोटाने तपासल्या. चौथ्या प्रकरणात बोट थांबलं.

"इथं एक सांधा सुटलाय."

मी म्हटलं, माझ्या सरांनी दोनदा पाहिलंय.

"सरांनी वाचलं असंल. मी बगून राहिलो."

एक रेघ खरंच सुटली होती.

नवी प्रत परवा जमा केली. पप्पांना फोन मी करणार होते, पण मामांनी आधीच केला होता.

"झालं, दाजी. आता बिनघोर चाला फरशीवरून."

मामा, तुमचा शब्द खरा ठरला. निवांत जा.