मागच्या गेटची साखळी

"पल्लवी, मागचं गेट उघड," शेठ म्हणाले.

"नाही उघडणार," मी म्हटलं.

शुक्रवारची दुपार होती. आत नव्या पिक्चरचा पहिला शो संपत आला होता आणि बाहेर पुढच्या शोची लाइन लागली होती. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, म्हणून आमच्यासारख्या एकपडदा थिएटरचा खरा धंदा त्याच दिवशी. अशा दिवशी बुकिंगवर बसणाऱ्या मुलीने मालकाला नाही म्हणायचं नसतं. मी म्हटलं.

आधी या गेटची भानगड सांगते. आमच्या थिएटरला दोन गेटं. पुढचं रस्त्यावर, मागचं गल्लीत. पिक्चर चांगला असला की लोकांना पुढून सोडायचं. बाहेर येणारे आणि लाइनमधले समोरासमोर येतात. एक विचारतो, "कैसी है?" दुसरा म्हणतो, "मस्त है." झाली जाहिरात. धंद्यात याला माउथ पब्लिसिटी म्हणतात. आणि पिक्चर रद्दी असला की मागून सोडायचं. फसलेल्यांची आणि फसणार असलेल्यांची गाठ पडायला नको.

मी इथे यायच्या आधी गावच्या तरुण मंडळाची पत्रकं लिहायचे. खड्डे, पाणी, कचरा. खड्ड्याला खड्डा म्हणायची सवय लागली ती गेली नाही. शेठनी मला बुकिंगबरोबर पब्लिसिटीसाठी ठेवलं ते त्या पत्रकांची भाषा आवडली म्हणून. ती भाषा आपल्यावरही चालेल हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

शेठही अडचणीत होते, हे मान्य. शेजारच्या दापोड्याचा एक गोडाऊनवाला आठवडाभर आधी हॉलची मापं घेऊन गेला होता. पडद्याच्या भिंतीत शटर कुठे बसेल हेही त्याने ठरवून टाकलं होतं. शेठ आम्हाला म्हणाले होते, हा आठवडा बघू. लोक आले तर थिएटर, नाहीतर गोडाऊनच्या कागदावर सही. त्या सहीबरोबर माझी नोकरी जाणार होती, ऑपरेटर अन्सारीचाचांची जाणार होती. आणि या गावात स्वस्तात बसून चारचौघांत हसायची जी एक जागा उरली आहे, तिथे खोके रचले जाणार होते. दापोड्याला गोडाऊनं कमी पडली आहेत असं कुणी म्हणेल का?

पिक्चर पडलाय हे मला आत डोकावताच कळलं. अंधारात जागोजागी मोबाइल पेटले होते. या बड्या पिक्चरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. हीरो पहिल्याच फाइटला अख्खी टोळी लोळवतो. मग इंटरव्हलनंतर त्याला काही होईल अशी भीती मला का वाटावी? भीती नाही तर टाळी नाही. जोक होते ते ट्रेलरमध्येच खर्च झालेले. गाणं लागलं की लोक चहाला उठतात, कारण गोष्ट तिथे थांबली हे त्यांना दिग्दर्शकाच्या आधी कळतं. दिवसभर लूमवर उभ्या राहिलेल्या माणसाला काहीही चालतं, हे यांनी कुणाला विचारून ठरवलं?

मी उघडत नाही म्हटल्यावर शेठ स्वतः मागे गेले. गेटची साखळी जुनी, गंजलेली. काढली की खळखळ आवाज रस्त्यापर्यंत येतो. तो आला. मी खिडकीतून लाइन बघत होते. पुढच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते निघाले. त्यांच्यामागचे निघाले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. शेठ परत येईपर्यंत खिडकीसमोर एक म्हातारे गृहस्थ तेवढे उभे होते, आणि त्यांना पिक्चर नको होता, सुट्टे हवे होते.

शेठना काही कळेना. अन्सारीचाचा वरून प्रोजेक्टर रूममधून खाली आले होते. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, बुरा मत मानना. पीछे का गेट खुला मतलब पिक्चर गिरा. पूरे शहर को मालूम है."

"किती वर्षांपासून?"

"आपके पिताजी के टाइम से."

शेठ स्टुलावर बसले. म्हणजे आम्ही जे लपवत होतो, ते साखळी वाजवून जाहीर करत होतो. आणि लोक शहाणे, त्यांनी कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

मी तिथेच मुद्दा मांडला. सकाळच्या शोला आमच्याकडे एक छोटा मराठी पिक्चर लावून ठेवला होता. स्टार नाही, पोस्टर धड नाही. खाडीकाठच्या एका घरात दोन जावा, एकमेकींशी बोलत नाहीत, आणि घरात लग्न ठरतं. बस. पण आधी कोण बोलणार हे माहीत असूनही मी तो दुसऱ्यांदा पाहिला होता. म्हटलं, रविवारची दुपार याला द्या आणि दोन्ही गेटं उघडी ठेवा. ज्याला जिथून जायचं तिथून जाऊ दे.

त्यासाठी डिस्ट्रिब्युटरची परवानगी लागते. आम्हाला पिक्चर पुरवणारा तो, कुठला शो कुणाला हे तोच ठरवतो. त्याचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, हमारा स्टार है, स्टार."

"स्टार आहे, लोक नाहीत," मी म्हटलं. "रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पाठवू?"

एक शो मिळाला. एकच.

रविवारी दुपारी आमच्या खारबावच्या यमुनाकाकू बायकांचा घोळका घेऊन आल्या. शेठ माझ्याकडे संशयाने बघत होते. शो सुटला. बहुतेक सगळे पुढच्या गेटने आले, आणि गेटातच अडकले, कारण बोलणं संपत नव्हतं. लाइनमधल्या एकीने विचारलं, कसा हाय?

"हसून हसून पोट दुखलं," यमुनाकाकू म्हणाल्या. "पण शेवटाला ती थोरली उठते ना, तवा..."

"गप गं," बरोबरची म्हणाली. "सगलं हितंच सांगशील तर ती बघंल काय?"

शेठ माझ्या कानाशी आले. "तुझ्याच गावच्या बायका. पढवून आणल्यास तू."

"मग दुसऱ्या कुणाला विचारा."

त्यांनी एका लूमवाल्या पोराला थांबवलं. तो म्हणाला, "भाषा थोड़ी कम समझी, झगड़ा पूरा समझा. घर में अम्मी और चाची का यही चलता है."

"लास्ट में क्या होता है?" शेठनी विचारलं.

"टिकट निकालो ना, शेठ."

शेठना राग यायला हवा होता. ते हसले. मला मात्र त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली. शुक्रवारी त्या बड्या पिक्चरची अख्खी स्टोरी बाहेर पडणाऱ्यांनी पानटपरीवर सांगून टाकली होती, व्हिलन कोण इथपर्यंत. इथे शेवट कुणी सांगायला तयार नव्हतं. रद्दी पिक्चरची गोष्ट लोक सांगून मोकळे होतात, दुसऱ्याचा वेळ वाचावा म्हणून. चांगल्याची जपून ठेवतात.

संध्याकाळचा शोही शेठनी डिस्ट्रिब्युटरशी भांडून याच पिक्चरला मिळवला, आणि बाल्कनीत बसून स्वतः पाहिला. बाहेर आले ते पुढच्या गेटने, रुमालाने चष्मा पुसत. लाइनमधल्या एका रिक्षावाल्याने ते कोण हे न ओळखता विचारलं, "काका, कसा आहे?"

आयुष्यभर प्रत्येक पिक्चरला 'सुपरहिट' म्हणणारा हा माणूस.

"मधे जरा लांबलाय," शेठ म्हणाले. "पण शेवटापर्यंत बसा."

मी लाइनकडे पाहिलं. कुणी हललं नाही. रिक्षावाल्याने तर घरी फोन लावला, बायकोलाही बोलावून घ्यायला.

गोडाऊनवाल्याला शेठनी कळवलं की शटर दुसऱ्या कुठल्या भिंतीत बसव. पुढच्या वर्षी काय होईल मला माहीत नाही. सध्या प्रत्येक शोनंतर दोन्ही गेटं उघडतात आणि मी तिकीट देताना विचारणाऱ्याला पिक्चर कसा आहे ते खरं सांगते. काही जण परत जातात. पुढच्या शुक्रवारी तेच येतात, आणि पोस्टरकडे न बघता आधी मला विचारतात.

ती साखळी अन्सारीचाचांनी भंगारवाल्याला दिली. इतक्या वर्षांत आमच्या थिएटरात खरं बोलणारी ती एकटीच होती, पण आवाज फार करायची.