भिंतीकडे तोंड करून ऐकणारे चाचा

रत्नागिरी शहर आणि पंचक्रोशीतील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बेली डान्ससाठी म्हणून मोबाइलवर जे संगीत मिळते, ते बहुतांशी मिक्सर आणि शिलाई मशीन एकाच वेळी सुरू केल्यासारखे असते. हा निकाल माझा नाही. तो आमच्या कॅसेटचाचांचा आहे आणि त्यावर अपील नाही. आता तर अपील करायचं म्हटलं तरी चाचा नाहीत.

चाचा गाणं ऐकताना भिंतीकडे तोंड करून बसत. खोलीत दहा माणसं असोत, कॅसेट लागली की खुर्ची गर्रकन फिरवायची आणि आपल्याला दाखवायची पाठ. पहिल्यांदा मी भाट्याच्या खाडीकाठच्या त्यांच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, माणूस रागावला.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि तरुणपणापासून हौशी नाटकांत कामं करते. वय पन्नास, कंबरेचा घेर विचारू नये. एका उन्हाळी सुट्टीत पुण्याला जाऊन बेली डान्स शिकून आले आणि इथे संध्याकाळी पाच बायकांना शिकवू लागले. नाच होता, बायका होत्या, नवऱ्यांचे टोमणे होते. नव्हतं ते फक्त धड संगीत. कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं, आणि मी मोबाइल घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

चाचांनी अर्ध्या मिनिटात हात वर केला. "बंद करा, बाई. ह्यात वाजवणारा कोण हाय? मशीन वाजवतंय नि मशीनच ऐकतंय."

मग त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कॅसेटी, आणि त्यांना दमटपणाने बुरशी धरू नये म्हणून भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या. एक कॅसेट लावली आणि खुर्ची फिरवली. वीस-बावीस व्हायोलिनं एका श्वासात उठली. मध्ये एक बासरी, मांडीवर घेऊन छेडायचं कानून नावाचं तंतुवाद्य, खाली डफ. सबंध अरबी वाद्यवृंद, अठरा मिनिटं. माझी कंबर आपोआप हलली असावी, कारण भिंतीकडे बघतच चाचा म्हणाले, "खुर्ची वाजली. हलू नका. आधी ऐका."

भिंतीचं कारण पुढे कळलं. चाचांनी बावीस वर्षं बहारीनच्या एका हॉटेलात साउंडचं काम केलं होतं. त्यांची केबिन स्टेजच्या पाठीमागे, मध्ये लाकडी भिंत. रोज भिंतीपलीकडे वाद्यवृंद वाजे, बाई नाचे, माणसं उसासे टाकत. चाचांना सगळं ऐकू येई, दिसे फक्त प्लायवूड. हा नाच त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"कधी डोकावला नाहीत?"

"ड्यूटी होती, बाई."

आतून चाची बांगडे साफ करता करता म्हणाल्या, "नाचणारी दिसली असती तर परत आले असते होय हे?"

चाचा भिंतीकडे बघून हसले.

त्यानंतर दर बुधवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते नाच शिकवत नसत, ऐकायला शिकवत. "व्हायोलिनं बोलवतील तवा चाला. बासरी एकटी पडली की तुम्ही पण जागेवर ऱ्हा. एकट्या माणसाजवळ गडबड करू नये." मी काही करून दाखवायला उठले की खुर्ची लगेच भिंतीकडे. "पुरं बसलं की सांगा. बघायचं तर सबंध बघेन."

वर्षभराने एका महिला मंडळाच्या स्नेहसंमेलनात आम्हाला संधी मिळाली. वेळ चार मिनिटं. मी अठरा मिनिटांची चार केली, कापून. चाचांना सांगितलं नाही. धीर झाला नाही म्हणते, पण खरं तर मला टाळ्या हव्या होत्या.

चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून पहिल्या रांगेत बसले. तोंड स्टेजकडे. चार मिनिटांनी संगीत थांबलं, आम्ही वाकून नमस्कार केला, टाळ्या पडल्या. चाचा उठले आणि तडक साउंडवाल्याकडे गेले. "मशीनचा पट्टा सुटला काय? सरक, मी बघतो." मी हात जोडलेल्या अवस्थेत ते वरून बघत होते. खाली आल्यावर मी म्हणाले, "मशीन बिघडलं, चाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्क्रू ड्रायव्हर आणि नवा पट्टा घेऊन सभागृहावर गेले. तिथल्या वॉचमनने त्यांना सांगितलं की मशीन ठणठणीत आहे, आणि बाईंनी पाठवलेलं गाणं होतंच तेवढं.

बुधवारी मी गेले. "मशीन चांगलं हाय, बाई," ते म्हणाले, आणि नवा पट्टा डब्यात ठेवून दिला. मग म्हणाले, "चार मिनिटांत नुसतं दार उघडतं. आत कोण आलं ते कळतच नाय."

मी शब्द दिला. अख्खी अठरा मिनिटं, त्यांच्या अंगणात, फक्त त्यांच्यासाठी. आम्ही सहाजणी लागलो कामाला. तोवर चाचांचं हृदय थकलं होतं. पलंगावरून खुर्चीपर्यंत येताना मध्ये एकदा थांबत. शिमग्याला आमचं सगळं बसलं. उशीर होता तो कमरेच्या पट्ट्यांना लावायच्या नाण्यांचा. ती मुंबईहून यायची होती. नाण्यांशिवाय कसं दिसेल, म्हणून मी एक रविवार पुढे ढकलला. मग आणखी एक.

चाचांचा फोन आला. "नाणी ऱ्हाऊ द्या, बाई. नाणी बावीस वर्षं ऐकलीत. मला माणूस बघायचाय."

"फक्त या रविवारपर्यंत, चाचा."

"बरं," ते म्हणाले. "रविवार."

शुक्रवारी सकाळी चाचा गेले. त्याला आता आंब्याचे दोन मोसम झाले.

मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. चाचींनी माझा हात धरला आणि शांतपणे सांगितलं, "रविवारसाठी कुर्ता इस्त्री करून ठेवला होता त्यांनी. स्वतःच केली, मला करू दिली नाय." बाहेर पुरुषांनी जनाजा उचलला. आम्ही बायका दारातच थांबलो. नाटकात तीस वर्षं काम करून एकही वाक्य चुकीच्या जागी न बोललेली मी, त्या सगळ्या अनोळखी माणसांदेखत मोठ्याने बोलून गेले,

"थांबा ना, अजून चौदा मिनिटं राहिलीत."